मंडळात सात जण उरले, कुंड्या दोनशे ऐंशी

ताई, सादर नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातला एक सेवानिवृत्त शिक्षक. पस्तीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून आम्ही आठ-दहा जणांनी निवडुंगप्रेमींचं मंडळ काढलं, रीतसर नोंदणीही केली. भरात असताना बेचाळीस सभासद होते. यवतमाळ, कारंजा, पुसदहून लोक यायचे. दर फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन, पहिल्या नंबराला फिरती ढाल, परीक्षक बाहेरचे. आज सात जण उरलो. सगळ्यांत लहान मी, वय ६६. अध्यक्ष ८१ वर्षांचे. ते सभाही बोलवत नाहीत आणि राजीनामाही देत नाहीत. शिक्का आणि प्रोसिडिंग बुक त्यांच्या कपाटात आहे. यंदा प्रदर्शनाला नऊ माणसं आली, त्यातली चार पंख्याखाली बसायला.

गेल्या दिवाळीत डॉक्टर वारले. त्यांच्या स्लॅबवर दोनशे ऐंशी कुंड्या आहेत. मुलाचं खाली मेडिकल आहे. त्याला वर सोलर बसवायचं आहे, मृगाच्या आत कुंड्या उचला म्हणतो. नागपूरचा एक नर्सरीवाला सगळ्यांचे मिळून ठोक पैसे द्यायला तयार आहे. सध्या सूनबाई पाणी घालतात, कोणत्या कुंडीत कळी धरली तेही त्याच फोन करून कळवतात. मंडळाच्या खात्यात अडतीस हजार रुपये आहेत.

मंडळ बंद करावं का? झाडांचं काय करावं? आमची पोरं पुण्या-बंगळुरात, त्यांना काट्यांशी देणंघेणं नाही. माझ्या सेक्रेटरीपणात मंडळ बुडालं असं लोक म्हणतील, या विचाराने झोप लागत नाही. आमचं चुकलं कुठं?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना अध्यक्षांचा राग आला. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडकले: 'सध्या सूनबाई पाणी घालतात, कोणत्या कुंडीत कळी धरली तेही त्याच फोन करून कळवतात.' हे तुम्ही ओघात लिहिलंत आणि लगेच अडतीस हजारांकडे वळलात.

दिवाळीपासून आजवर एकही झाड सडलं असं तुमच्या पत्रात नाही. निवडुंग पाण्यावाचून क्वचित मरतो, पाण्याने मात्र हमखास मरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. थंडीत हात आखडता घ्यायचा, फाल्गुनात कळ्या दिसू लागल्या की हळूहळू पाणी वाढवायचं, मेअखेरच्या नवतप्यात तापलेल्या कुंडीत भर दुपारी पाणी ओतायचं नाही, हे ज्यांच्या हाताला कळतं त्या सहा महिन्यांत शिकलेल्या नाहीत. डॉक्टर खाली पेशंट तपासत होते तेव्हाही वर पाइप त्यांच्याच हातात असणार. तुम्ही सभासद सात मोजलेत. मला आठ दिसतात, आणि आठवी सगळ्यांत तरुण आहे.

आता चुकलं कुठं ते बघू. त्यासाठी माझ्या मामांकडे यावं लागेल.

मामा रेल्वेत होते, वर्ध्याला. क्वार्टरच्या मागे पत्र्याखाली साठेक कुंड्या. त्यांत जिवापाड जपलेला एक ॲस्ट्रोफायटम अस्टेरियास. सगळे त्याला नुसतं 'ॲस्ट्रो' म्हणायचे. अंगावर काटा एकही नाही. चपटा, आठ फाकांचा, सोललेलं संत्रं हाताने दाबून बसकं करावं तसा, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. उन्हाळ्यात त्याला पिवळं फूल यायचं, घशाशी लाल. ते ऐन दुपारी उघडतं, संध्याकाळी मिटतं आणि एक-दोन दिवसांत आटोपतं. त्याची खोड अशी की स्वतःच्या परागावर त्याला बी धरत नाही. दुसरं झाड लागतं, आणि तेही त्याच दिवशी फुललेलं. मामांच्या माहितीतलं दुसरं झाड होतं हिंगणघाटला, बँकेतल्या एका गृहस्थांकडे. मेच्या दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप यायचा, "उघडलं." की मामा चित्रकलेचा बारीक ब्रश आणि औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये चिमूटभर पराग घेऊन, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून लुनावर निघालेच. पंचेचाळीस डिग्रीत! मामी म्हणायची, "पोरीच्या सोयरिकीसाठी एवढे नाही पळाले."

महिन्या-दीड महिन्याने फळ वाळून फुटायचं. आत टोपीच्या आकाराच्या चकचकीत काळपट बिया. त्या अर्ध्या मामांच्या, अर्ध्या हिंगणघाटच्या. चाळलेल्या मुरमावर टाकून वरून काच झाकली की तीन-चार दिवसांत हिरवे मणी दिसायचे. त्यातले पाच-सहा कोणाकोणाला वाटले जायचे. माझ्या दृष्टीने मंडळ म्हणजे ती लुना. एका माणसाकडे कितीही पैसे असले, कितीही मोठा स्लॅब असला, तरी त्याला एकट्याला जे जमत नाही त्यासाठी दुसरा माणूस लागतो, म्हणून मंडळ.

तुमच्या पत्रात प्रदर्शन आहे, ढाल आहे, बाहेरचे परीक्षक आहेत, शिक्का आहे. पराग कुठंच नाही. शेवटचं बी कोणत्या वर्षी धरलं, तुम्ही शेवटचं पिल्लू, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेलं छोटं रोप, कोणाला काढून दिलं, आठवून बघा. मामांच्या मंडळात बिघडलं ते ढाल आल्यावर. आधी कोणी ममिलेरिया जातीच्या निवडुंगाचं पिल्लू मागितलं की चाकूने काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचे. ढाल आली आणि प्रत्येक पिल्लू म्हणजे पुढच्या फेब्रुवारीतला प्रतिस्पर्धी झालं. मग 'अजून लहान आहे', 'पावसाळ्यानंतर बघू'. एक गृहस्थ तर झाडाचा गोल आकार बिघडू नये म्हणून पिल्लं काढून उकिरड्यावर टाकायचे, पण द्यायचे नाहीत. मामांनी मंडळ सोडलं नाही, नुसतं जाणं बंद केलं. मंडळं अशीच रिकामी होतात. भांडून कोणी जात नाही.

पोरं पुण्याला गेली म्हणून मंडळ गेलं, हे मला अर्धंच पटतं. पोरं तर क्रिकेटच्या टीममधूनही गेली, गणपती मंडळातूनही गेली, तरी गावात गणपती बसतोच. शिवाय पुण्यात तुमच्या पोरांच्या टेबलावर निवडुंग नसेल असं नाही. खाली हिरवा खुंट, वर लाल नाहीतर पिवळा गोळा, असलं रंगीत कलम हल्ली भेट म्हणूनही देतात. त्या लाल डोक्यात हरितद्रव्य नसतं, ते खालच्या खुंटाच्या जिवावर जगतं. लोकांना ते माहीत नसतं. ते रोज चमचाभर पाणी घालतात, पहिल्या पावसाळ्यात खुंट मऊ पडतो आणि कुंडी कचऱ्यात जाते. म्हणजे निवडुंग घेणारी माणसं आज तुमच्या वेळेपेक्षा जास्त आहेत, फक्त विचारायला कोणी नाही. पूर्वी बी टपालाने मागवायचं तर मंडळ लागायचं, नाव ओळखायचं तर मंडळ लागायचं, झेरॉक्सचा गठ्ठा हातोहात फिरायचा. आता ते सगळं मोबाइलमध्ये मिळतं. त्यामुळे मंडळाकडे यायची ती कारणं संपली. याला तुम्ही जबाबदार नाही, सर. तुमच्या जागी कोणीही सेक्रेटरी असता तरी हे झालंच असतं.

दुःख एकट्याचं वाटू नये म्हणून सांगते. जर्मनीतली कॅक्टस सोसायटी १८९२ ची, अमेरिकेतली १९२९ ची. इंग्लंडमध्ये १९३१ मध्ये एक निघाली, १९४५ मध्ये दुसरी. दोन्ही देशव्यापी, दोघींचे आपापले अंक. आणि १९८३ मध्ये दोघींनी आपापली पाटी उतरवून एकच संस्था केली. तिथे कोणा सेक्रेटरीची झोप उडाली असेल का? उडाली असेलही. पण झाडं राहिली.

आता माझी एक जुनी तक्रार. तुमच्या मंडळाची नाही, पण तुमच्या जातकुळीची आहे. कॉलेजात असताना मी आईने तेलाच्या डब्यात लावलेलं ब्रह्मकमळ घेऊन एका शहरातल्या निवडुंग प्रदर्शनाला गेले. बसमध्ये डबा मांडीवर. प्रवेशाच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वर न बघताच सांगितलं, "बाई, हे निवडुंगात येत नाही, फुलझाडांच्या टेबलावर न्या." फुलझाडांच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "फूल कुठंय?" फेब्रुवारीत कुठून असणार! मी डबा घेऊन परत आले. पुष्कळ वर्षांनी कळलं की आपल्या घराघरांत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते एपिफायलम, मूळ मेक्सिकोकडचं, आणि अस्सल निवडुंगच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच, त्याचा याच्याशी संबंध नाही. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. कडेला ज्या खाचा असतात तिथून कळी फुटते, आणि त्या खाचा म्हणजे निवडुंगाच्या अंगावर जिथून काटे येतात तीच जागा. ज्याला हे ओळखता आलं नाही तो माणूस दिवसभर बिल्ला लावून बसला होता! आणि धुऱ्यावरचा त्रिधारी मात्र अशा प्रदर्शनांत निवडुंग म्हणून सर्रास दिसतो. त्याला चीक असतो, तो एरंडाच्या कुळातला.

राग म्हणून हे सांगत नाही. आषाढ-श्रावणात तुमच्या गावात रात्री नऊला कोणाच्या तरी अंगणात बायका-पोरं जमतात, फुलाला हळदकुंकू वाहतात, फोटो काढतात आणि पहाटे फूल मान टाकतं. ती माणसं निवडुंगाचं फूल बघायलाच जमलेली असतात. तुमच्या प्रदर्शनाला नऊ आली, एका ब्रह्मकमळाला पंचवीस येतात. त्यांना सभासद व्हा असं पस्तीस वर्षांत कोणी म्हटलं नाही, कारण ते 'घरचं झाड', बायकांचं. प्रदर्शनाच्या दिवशी चहा-पोहे कोण करायचं, हे मी विचारत नाही.

तर माझं मत सरळ सांगते. मंडळ बंद करा. पण आधी झाडं, मग मंडळ. उलट केलंत तर दोन्ही जातील.

झाडांचं बघू. मुलाशी भांडू नका, त्याला एकच विचारा: पॅनेलचा सांगाडा किती उंच घेणार? आपल्याकडे बरेच जण खाली वावरता यावं म्हणून सात-आठ फुटांवर घेतात. तसा घेतला तर त्याच्याइतका चांगला मांडव तुम्हाला लाख रुपये देऊन मिळणार नाही. विदर्भाच्या मेमध्ये उघड्या स्लॅबवर जिम्नोकॅलिशियमसारखा निवडुंग भाजून निघतो, हॉवर्थियासारखं जाड पानांचं झाड तांबूस पडतं. त्यांना लागतो तसा उजेडाचा आडोसा पॅनेलखाली आयता मिळेल. ज्यांना कडक ऊन हवं त्या पिंपासारख्या गोल बॅरलच्या आणि खांबासारख्या उंच सेरिअसच्या कुंड्या दक्षिणेच्या कडेला ठेवता येतील. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पावसाची धार पडते, त्या रेषेत एकही कुंडी नको, किंवा पन्हळ लावून घ्या. मुलाला झाडांचा राग नसतो, सर, जागा अडल्याचा असतो. स्लॅबचा अर्धा भाग मोकळा होत असेल तर तो कदाचित अर्धा भाग ठेवूही देईल. आणि हे बोलणं तुम्ही त्याच्याशी करू नका. सूनबाईंना करू द्या.

उरलेल्या अर्ध्यासाठी नर्सरीवाला चालेल, पण ठोक नको. ठोक म्हणजे तो सगळं नेणार, नावाच्या पट्ट्या काढून टाकणार आणि रंगीत दगड घालून विकणार. त्याला सोनेरी बॅरल द्या, ज्यांची पाच-पाच, दहा-दहा झाडं असतील ती द्या. सोनेरी बॅरलची गंमत अशी की मेक्सिकोत त्याची मूळ दरी झिमापानच्या धरणात मोठ्या प्रमाणात बुडाली, रानात तो दुर्मिळ झाला, आणि इकडे नर्सऱ्यांत रांगा लागल्यात. त्याची काळजी तुम्ही केली नाही तरी चालेल. ज्याचं गावात एकच झाड आहे, आणि ज्याला जोडी लागते, ते मात्र कोणत्याही भावाला देऊ नका. डॉक्टरांकडे ॲस्ट्रो असेल आणि दुसरा अध्यक्षांकडे किंवा तुमच्याकडे असेल तर दोघे एका छपराखाली आणा. लुना चालवायला आता कोणी नाही. अशा झाडांचं पार्सल परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायच्या फंदातही पडू नका. जवळजवळ अख्खं निवडुंग कुळ साइट्स करारात, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या परदेशी व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि ॲस्ट्रोची ही जात त्यातल्या सगळ्यांत कडक पहिल्या परिशिष्टात. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून उपटून नेलेले हजारावर निवडुंग पोलिसांनी पकडले होते. तुमचं एक पार्सल म्हणजे ती टोळी नव्हे, पण कागद नसतील तर अडकाल.

हलवाहलव आत्ताच, नवतप्यात करायची असेल तर संध्याकाळी करा आणि कुंडी बदलू नका, नुसती जागा बदला. उचलण्याआधी प्रत्येक कुंडीच्या दक्षिणेच्या अंगाला खडूने ठिपका द्या. नव्या जागी ठिपका दक्षिणेलाच आला पाहिजे. वर्षानुवर्षं सावलीला असलेली बाजू अचानक उन्हात आली की पांढरी पडते आणि तो डाग मग जात नाही. ज्यांना कुंड्या वाटाल त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, काळी माती अजिबात नको. आपली कपाशीची जमीन पाणी धरून ठेवते, पऱ्हाटीला ते चांगलं, निवडुंगाला फाशी. चाळलेला मुरूम, नदीची जाड वाळू, विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत, बस. पावसाळाभर पत्र्याखाली. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांना ओळख करून द्यावी लागणार नाही. फड्यावर कापूस दिसला तर बोटाने चिरडून बघा. लालभडक रंग निघाला की ती कोचिनील. या किड्याचा एक किस्सा मला फार आवडतो. रंगाचा धंदा काढायला इंग्रजांनी १७९५ मध्ये तो ब्राझीलहून आणला, आला तो चुकीच्या जातीचा. रंग धड मिळाला नाही, पण त्याने देशातली फड्याची एक जात जवळजवळ फस्त केली. नको ती झाडं किडीकडून संपवायचं शास्त्र जगात सुरू झालं, त्यात हा प्रसंग आधी सांगतात. असो, विषयांतर झालं. आलेली कुंडी पंधरा दिवस बाजूला ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

या सगळ्यापेक्षा घाईचं काम आहे पट्ट्यांचं. झाड मेलं तर दुसरं मिळतं, पट्टी गेली की झाडाचं नाव कायमचं गेलं. डॉक्टरांनी मार्करने लिहिलं असेल तर आपल्या उन्हात ती शाई वर्ष-दोन वर्षांत उडते. आज जेवढं वाचता येतंय ते पुढच्या मेमध्ये येणार नाही. आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहा. मामांच्या पेन्सिलीच्या पट्ट्या मी ते गेल्यावर वाचल्या, अक्षर न् अक्षर शाबूत.

आणि ती नावं आज कोणाला येतात? तुमच्या त्या अध्यक्षांना. मला वाटतं तुम्ही त्यांच्याकडे चुकीची वस्तू मागताय. सभा बोलवा, शिक्का द्या, राजीनामा द्या, असं म्हटलं की ८१ वर्षांच्या माणसाला ऐकू येतं, 'आता तुम्ही निघा.' त्याऐवजी एका सकाळी रिक्षा करून त्यांना डॉक्टरांच्या स्लॅबवर न्या. खुर्ची टाका, शेजारी पाण्याचा गुंड ठेवा. ते काठीने कुंडी दाखवतील आणि नाव सांगतील, सूनबाई लिहितील. दिवसाला चाळीस कुंड्या धरल्या तर आठवड्यात काम होतं. लॅटिन नावं देवनागरीत लिहिली तरी काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाटाची किल्ली ते आपणहून काढतील असा माझा अंदाज आहे. नाही काढली तर पाचव्या दिवशी मागा.

मग कागद. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे संस्था विसर्जित करायला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. तुम्ही सात आहात, म्हणजे पाच हात वर झाले पाहिजेत, चार पुरत नाहीत. सूनबाईंना आधी सभासद करून घेतलंत तरी आठांत पाचच. चौदावं कलम सांगतं की देणी देऊन जे उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही, ते दुसऱ्या संस्थेलाच द्यायचं, आणि कोणत्या संस्थेला हेही हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनीच ठरतं. तेव्हा अडतीस हजारांवर कोणाचा डोळा असेल तर त्याला हे कलम वाचून दाखवा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेलं असेल, आणि बहुतेक असेलच, तर डॉक्टरांच्या निधनानंतर कार्यकारिणीतल्या बदलाचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत जायला हवा होता. दिवाळी होऊन किती दिवस झाले ते तुम्हीच मोजा. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी अर्ज लागतो. हिशेबाची किती वर्षं तुंबलीत तेही बघा आणि तालुक्यातल्या एखाद्या ऑडिटरला गाठा. हे काम कंटाळवाणं आहे, मी खोटं सांगणार नाही. 'मंडळ माझ्या काळात बुडालं' असं लोक म्हणतील म्हणता. कागद अर्धवट टाकून गेलात तर नक्की म्हणतील. पुरे करून दप्तर जमा केलंत तर लोकांना आठवणारही नाही की असं काही मंडळ होतं, आणि तेही वाईट नाही.

विसर्जनाआधी त्या पैशातून रॅक, शेडनेट आणि पन्हळ घ्यायला हरकत नसावी. झाडांचं जतन हा मंडळाचा उद्देश घटनेत लिहिलेला असणारच. ठराव मात्र घ्या आणि पावत्या ठेवा.

राहता राहिलं, तुम्ही स्वतः काय करायचं. तुम्हाला कलम येतं का, हे पत्रात नाही, पण पस्तीस वर्षांत आलं असेलच. तुमच्या तालुक्यात कोणी ना कोणी ड्रॅगनफ्रूट लावलेलं असेल, सिमेंटचा खांब आणि वर जुना टायर, रस्त्यावरूनही दिसतं. तोही निवडुंगच. ते शेतकरी उन्हाळ्यात खोडं पिवळी पडतात म्हणून हैराण असतात, पावसाळ्यात सड लागते म्हणून हैराण असतात, आणि छाटणीच्या तिधारी कांड्या धुऱ्यावर फेकतात. तुमच्यासाठी तो फुकटातला उत्तम खुंट आहे. वरूड-मोर्शीचा माळी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो तसंच हे, फक्त इथे डोळा नाही, आडवा काप. दोन्हीकडचं मधलं कडं एकमेकाला भिडवायचं आणि रबरबँड लावायचा. हळू वाढणारी, मुळाने सडणारी झाडं त्यावर तरतील. शेतकऱ्याला तुम्ही सावलीचं आणि सडीचं सांगा, त्याच्याकडून कांड्या आणा. यासाठी नोंदणी लागत नाही, ढाल तर नाहीच.

श्रावणात ब्रह्मकमळाच्या रात्री डॉक्टरांच्याच घरी चहा ठेवा. पत्रिका छापू नका. सूनबाईंनी गल्लीत सांगितलं की पुरे. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ब्रह्मकमळाची एक कांडी आणि ममिलेरियाचं एक पिल्लू. दोन्ही आठवडाभर सावलीत सुकवूनच लावायचं, हे देतानाच सांगा, नाहीतर घरी जाऊन लगेच कुंडीत खोचतील आणि पाणी घालतील.

आणि मोठे बॅरल उचलायचे तेव्हा हातमोज्यांवर भिस्त ठेवू नका, काटा आरपार जातो. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिचा पट्टा झाडाभोवती फिरवा, दोन टोकं दोघांनी धरा. लहान झाडांना वर्तमानपत्राची जाड घडी पुरते. आमच्या पानाचीही चालेल.